ले-ऑफचं (नोकरकपातीचं) खापर कुणाच्या डोक्यावर?

(डेट्रॉइटच्या मोटार उद्योगातल्या मराठी मंडळींच्या ईमेल लिस्टवरचा संवाद. प्रेषकांच्या जागी त्यांच्या उपनगरांची नावं आहेत.)

प्रेषक: नोव्ही
विषय: शनिवारचा अर्धवट राहिलेला वाद

नमस्कार मंडळी,

शनिवारी खुर्च्या आवरता आवरता मोटार कंपन्यांतल्या ले-ऑफना युनियन जबाबदार की कंपन्या, यावर वाद रंगला आणि नेमकी हॉल सोडायची वेळ झाली. राहिलेलं इथे लिहितो.

काका, तुम्ही म्हणालात की आम्ही पोरं ऐकीव गोष्टींवर युनियनला शिव्या घालतो. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मागच्या वर्षी एका प्लँटमध्ये आम्ही नवीन स्टेशन चालू करत होतो. एका सेन्सरची केबल सैल झाली होती. बोटाने दाबली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम. पण मी सॅलरीड, म्हणजे युनियनबाहेरचा, मी हात लावला की युनियनची ग्रीव्हन्स, म्हणजे तक्रार, दाखल. इलेक्ट्रिशियनच हवा. तो जेवायला गेला होता, मग शिफ्ट बदलली. पावणेतीन तास मी त्या केबलकडे बघत उभा होतो.

आणि ही एकटी केबल नाही. १९८४ पासून २००९ पर्यंत मोटार कंपन्या आणि यूएडब्ल्यू या मोटार कामगारांच्या युनियनच्या करारातली जॉब्स बँक चालू होती. काम नसलेल्या माणसाला जवळजवळ ९५ टक्के पगार. माणसं येऊन हजेरी लावायची, शब्दकोडी सोडवायची, घरी जायची. २०२३ च्या संपात पुन्हा २५ टक्के वाढ पदरात पाडून घेतली. त्या कराराचा भार गाडीमागे सरासरी ५७५ डॉलर, हे जनरल मोटर्सनेच (जीएम) जाहीर केलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टोयोटा, होंडाच्या युनियन नसलेल्या प्लँट्सना हे ओझं नाही. मग हा पैसा निघणार कुठून? आपल्यासारख्यांना नारळ देऊनच ना? शिवाय यूएडब्ल्यूचे दोन माजी अध्यक्ष सभासदांच्या वर्गणीवर चैन केली म्हणून २०२१ मध्ये शिक्षा घेऊन बसले. या लोकांची बाजू कशी घ्यायची?

प्रेषक: ट्रॉय
विषय: पुन्हा: शनिवारचा अर्धवट राहिलेला वाद

अरे, तुझ्या केबलची गोष्ट शंभर टक्के खरी. मीही असाच ताटकळलोय, एकदा नव्हे, पन्नासदा. आणि त्या दोन अध्यक्षांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. कामगाराच्या पैशावर गोल्फ खेळणाऱ्याला तुरुंगच बरा. फक्त त्याच प्रकरणाचा दुसरा धागाही धर. युनियनच्या पुढाऱ्यांना पैसे चारले म्हणून फियाट क्रायस्लर या मोटार कंपनीच्या कामगार-संबंध बघणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्याला २०१८ मध्येच शिक्षा झाली होती. टाळी एका हाताने वाजली नव्हती.

आता मुद्द्याचं. कराराच्या कागदावर दोन सह्या असतात. जॉब्स बँक कामगारांनी बंदूक रोखून घेतली नाही. तेव्हा कंपन्यांना रोबो आणायचे होते, माणसं कमी करायची होती आणि त्यावरून संप नको होता. त्या शांततेची ती किंमत होती. स्वस्तात पडेल असं वाटलं, पडलं महागात. हिशेब चुकला कुणाचा?

तुला फ्रीमॉन्टची गोष्ट माहीत आहे का? कॅलिफोर्नियातला जीएमचा प्लँट. दररोज पाचातला एक माणूस गैरहजर, वाटेल तेव्हा संप, गाड्यांचा दर्जा यथातथाच. १९८२ मध्ये कुलूप लागलं. १९८४ मध्ये तोच प्लँट जीएम आणि टोयोटाने मिळून उघडला, नाव ठेवलं नुमी. चालवणार टोयोटा. कामावर घेतलेली बहुतेक माणसं तीच, आधी काढलेली. युनियन तीच, यूएडब्ल्यू. जुने पुढारीही तेच. आणि बघता बघता तिथल्या गाड्या जपानमधल्या गाड्यांच्या तोडीच्या निघायला लागल्या, गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. माणसं बदलली नाहीत, युनियन बदलली नाही. मग बदललं काय?

एक दोरी आली, असं मी म्हणेन. काही चुकलं तर कुणाही कामगाराने लाइनवरची दोरी ओढायची, गरज पडली तर लाइन थांबणार, टीमचा लीडर धावत येणार आणि विचारणार, काय मदत करू? ही दोरी म्हणजे काय चीज आहे ते बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून ती नव्हती अशा ठिकाणचा माझा एक प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. मी नवीन होतो. ट्रिम लाइनवर एक म्हातारा कामगार दाराचं रबर बसवायचा. एक दिवस त्याने माझा अंगठा धरून दाराच्या वरच्या कोपऱ्यावर फिरवला. म्हणाला, इथे लागतंय का? लागत होतं. रबर नखभर उचललेलं. पाऊस आला की पाणी आत. तो तीन आठवडे सांगत होता. मी पळत सुपरवायझरकडे गेलो. तो म्हणाला, लाइन थांबवायची नाही, मागच्या यार्डात दुरुस्त करतील. त्या दिवशी यार्डात गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि त्यांतल्या कितीतरी तशाच डीलरकडे गेल्या. त्या म्हाताऱ्याचा पगार तासाला किती, यावर आपण भांडतोय. त्याचा अंगठा फुकट होता, तो कुणाला नको होता.

बरं, २००८ मध्ये टीव्हीवर रोज ऐकायचो की डेट्रॉइटचा कामगार तासाला ७० डॉलर घेतो. हातात पडायचे अठ्ठावीसच्या आसपास. बाकी आकड्यात भत्ते होतेच, पण निवृत्त झालेल्या लाखो लोकांचं पेन्शन आणि औषधपाणीही कामावरच्या माणसांच्या तासांवर वाटून घातलं होतं. माणसं जितकी काढाल तितका तो आकडा फुगणार. आणि हे ओझं कंपनीच्या डोक्यावर आलं कसं? यूएडब्ल्यूचा तेव्हाचा अध्यक्ष वॉल्टर रॉयथर ओरडून सांगत होता की आरोग्य आणि म्हातारपण सरकारने बघावं, सगळ्या देशासाठी. कंपन्यांना ते नको होतं. १९५० च्या करारात त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं, कारण तेव्हा स्पर्धक नव्हता आणि पेन्शनर थोडे होते. पुढे २००७ मध्ये युनियनने निवृत्तांचा आरोग्यखर्च वेगळ्या ट्रस्टवर घेतला, नवीन पोरांना चौदा डॉलरच्या आसपास घ्यायला मान्यता दिली. एकाच लाइनवर शेजारी शेजारी, काम तेच, पगार अर्धा. यापेक्षा किती झुकायचं माणसाने? तरी जीएम १ जून २००९ ला दिवाळखोरीत गेलीच.

आणि फोर्ड? युनियन तीच, करारही जवळजवळ तसाच. पण २००६ मध्येच फोर्डचे तेव्हाचे प्रमुख मुलाली यांनी कंपनीचा निळा लोगोसुद्धा गहाण टाकून २३ अब्जांच्या वर कर्ज उभं केलं. २००९ मध्ये फोर्ड कोर्टाची पायरी चढली नाही. युनियनने बुडवलं म्हणायचं तर जीएम, फोर्ड, क्रायस्लर या तिघींना बुडवायला हवं होतं.

तुझ्या ५७५ डॉलरचंही सांगतो. तो आकडा आला २९ नोव्हेंबर २०२३ ला. त्याच दिवशी त्याच कंपनीने १० अब्ज डॉलरचे स्वतःचे शेअर परत घ्यायचं ठरवलं. संपाने १.१ अब्जांचा फटका बसला, हेही तेव्हाच सांगितलं. पैसा नव्हता असं मला कुणी सांगू नये.

प्रेषक: फार्मिंग्टन हिल्स
विषय: पुन्हा: पुन्हा: शनिवारचा अर्धवट राहिलेला वाद

शनिवारी मी होते, पण बोलले नाही. मला तीन आठवड्यांपूर्वी काढलं. घरच्यांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी सात वाजता ईमेल, आठ वाजता व्हिडिओ कॉल. कॉलवर साठ-सत्तर जण, सगळ्यांचे माईक बंद. एक बाई कागद वाचत होत्या. सव्वाआठला लॅपटॉप लॉक झाला. सहा वर्षांचं काम त्याच्यात होतं. ज्या टीमबरोबर रोज बोलायचे तिला साधं येते म्हणूनही सांगता आलं नाही.

आमच्या शेजारचे गृहस्थ असेंब्ली लाइनवर आहेत. त्यांचीही शिफ्ट गेली. पण त्यांना करारात लिहिलेलं आहे, आधी कोण जाणार, सीनिऑरिटीप्रमाणे कोण परत येणार, बेकारभत्त्यावर कंपनी किती भर घालणार. त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरात बसून मला तो करार दाखवला, कलमं पेनाने अधोरेखित केलेली. मी माझं ऑफर लेटर काढून वाचलं. कधीही, कोणत्याही कारणाने, किंवा कारणाशिवाय.

दादा, युनियनमुळे आपल्याला नारळ मिळतो असं तुम्ही लिहिलंत. मला काढलं त्या कॉलवर युनियनचा एकही माणूस नव्हता. सगळे आपल्यासारखेच होते. आपल्या बाजूने विचारणारं कुणीच नव्हतं, म्हणून तर सव्वाआठला सगळं संपलं.

मी एच-वन-बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहे. नवी नोकरी शोधायला मिळणाऱ्या साठ दिवसांतले बावीस गेले. मुलगी तिसरीत आहे. दोष कुणाचा हे तुम्ही जरूर ठरवा, पण व्हॅलिडेशन (चाचण्या) किंवा कॅलिब्रेशनमध्ये (यंत्रणा जुळवणं) कुठे जागा असेल तर मला आधी कळवा.

प्रेषक: नोव्ही
विषय: व्हॅलिडेशनची जागा

ताई, मला माहीत नव्हतं. माफ करा.

केबलबद्दल माझं मत तेच आहे, काका, तो नियम बदलायलाच हवा. पण ले-ऑफच्या यादीत ताईंचं नाव कुणी घातलं, हे मला युनियनच्या कुठल्याही कलमात सापडणार नाही, हे मान्य.

आमच्या सप्लायरकडे व्हॅलिडेशनच्या दोन जागा आहेत, एक बॅटरी पॅकसाठी. मॅनेजरशी आज दुपारी बोललो. त्यांना एच-वन-बी ट्रान्सफरची अडचण नाही, पण कागद सोमवारपर्यंत हवेत. रेझ्युमे मला थेट पाठवा, लिस्टवर नको. बाकीच्यांनी आपापल्या ठिकाणी विचारून बुधवारपर्यंत कळवा. अडतीस दिवस उरलेत.