मदत हवी आहे: अ‍ॅडमिशन आहे पण फंडिंगचं पत्र नाही, उद्यापर्यंत ठरवायचंय!

रानवारा: अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीतून अ‍ॅडमिशनचं पत्र आलंय, त्यात फंडिंगबद्दल अवाक्षर नाही. विचारलं तर "विचार चालू आहे" म्हणतात. दुसरीकडून फंडिंगसकट ऑफर आहे, पण त्यांना उद्या संध्याकाळपर्यंत होकार हवाय. मला पहिलीकडेच जायचंय, माझ्या विषयातली माणसं तिथे आहेत. काय करू? प्लीज लवकर सांगा.

सप्तपर्णी: एमएस की पीएचडी? सगळं त्यावर अवलंबून आहे.

गणितवेडा: बिनधास्त पहिली घे. मी एमएसला स्वखर्चाने गेलो आणि तिथे प्राध्यापकांना भेटून भेटून आरएशिप, म्हणजे संशोधनात मदतीचं पगारी काम, मिळवली. गेल्यावर मिळतंच.

सप्तपर्णी: गणितवेडा, असं छातीठोक सांगू नका हो. आय-20 साठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या फॉर्मसाठी, आधी पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना काम आठवड्याला 20 तासच, तेही कॅम्पसवर. त्यात कुणाची आरएशिप नाही मिळाली तर?

गणितवेडा: सोय कर्जाच्या मंजुरीपत्राने दाखवता येते. आमच्या बॅचचे बरेचजण तसेच गेले.

नाना_७: कर्जाचं निघालंच आहे तर जे. एन. टाटा एन्डोमेंट बघा. 1892 पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात. माझ्या भाचीला मिळाली होती, मुलाखत कसून घेतात.

रानवारा: पीएचडी, दोन्हीकडे. कर्ज काढायचं नाहीये.

धूमकेतू: मग उद्याची घाई करू नकोस. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिथल्या युनिव्हर्सिट्यांच्या संघटनेचा 15 एप्रिलचा ठराव आहे. त्यावर सही केलेल्या युनिव्हर्सिटीच्या आर्थिक मदतीच्या ऑफरला त्या तारखेआधी उत्तर द्यायला विद्यार्थी बांधील नसतो. यादी काउन्सिलच्या साइटवर आहे. दुसऱ्या युनिव्हर्सिटीचं नाव असेल तर ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे मुदत माग. आणि पहिलीकडे ऑफिसला नको, ग्रॅज्युएट डायरेक्टरला थेट लिही: दुसरी ऑफर हातात आहे, फंडिंगचं लेखी कधी मिळेल?

गणितवेडा: ठराव म्हणजे कायदा नाही.

धूमकेतू: नाहीच. पण विभागाला आपल्याच युनिव्हर्सिटीची सही नाकारणं जड जातं. आणि फंडिंगशिवाय पीएचडीला जाऊ नये, या मतावर मी ठाम आहे. पाच-सहा वर्षं पदरच्या पैशाने ओढणं माणसाला पिळून काढतं.

पुनव: टॅक्सचंही बघून ठेव. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना तिथलं स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

सप्तपर्णी: टॅक्स नंतर हो! रानवारा, दुसऱ्या ऑफरमध्ये हमी किती वर्षांची? स्टायपेंड 9 महिन्यांचा की 12? ट्यूशन माफ असली तरी बाकीची फी आणि आरोग्य विमा कोण भरणार?

रानवारा: यादीत नाव आहे!! आत्ताच मेल लिहिते. हमी 5 वर्षांची, विमा ते देणार, फीचं काही लिहिलेलं नाही. स्टायपेंड 9 महिन्यांचा. मग उन्हाळ्यात लोक काय करतात?

धूमकेतू: गाइडकडे ग्रँट असेल तर आरए, नाहीतर उन्हाळी कोर्स शिकवतात. फीचा प्रश्न याच मेलमध्ये घाल.