जमीन हलण्याआधी काय जाणवलं?

कोयनेच्या खोऱ्यात आजही लहानसहान धक्के बसतात. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "आधी आवाज आला, मग भांडी हलली." तेव्हापासून मनात आहे की हे सगळ्यांकडून गोळा करावं. भूकंप जवळचा असो वा दूरचा, पहिल्यांदा काय जाणवलं तेवढं नेमकं आठवून लिहा. नंतर टीव्हीवर पाहिलेलं बाजूला ठेवा. विहीर, हौद, तळं, कुठल्या पाण्यात काही दिसलं असेल तर तेही हवंय.

कोयनानगर, ११ डिसेंबर १९६७
मी नऊ वर्षांची होते, वडील धरणावर नोकरीला. धरणात पाणी अडवल्यापासून बारीक धक्के बसायचेच. मांडणीतल्या डब्यांची झाकणं खणखणली की आई नुसतं "आला गं" म्हणायची आणि भाकरी उलटायची. त्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाकणं वाजायच्या आधी घरघर आली, जमिनीखाली कुणी भलंमोठं जातं ओढतंय तशी. आईने मला वाकळेसकट खेचलं. दाराशी पोचतो न पोचतो तोच आमच्या अंथरुणावर भिंत आली. तोंडात माती आणि सगळ्या वसाहतीतून एकदम उठलेला आक्रोश. उजाडल्यावर उभं घर शोधावं लागत होतं. दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यात माझ्या वर्गातल्या दोघी. धरणाला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं.

उमरगा, ३० सप्टेंबर १९९३
आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे ३:५६ ला आमचं विटांचं घर हललं, पण टिकलं. उजाडताच वडील आणि मी आत्याकडे सास्तूरला निघालो. तिच्या घराची दोन हात रुंद दगडी भिंत लहानपणी आम्हाला किल्ल्यासारखी वाटायची. पडलेली पाहिली तेव्हा कळलं: आतला दगडांचा थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये नुसती माती. दोन्हींना बांधणारा एकही आडवा दगड नाही. वर माळवद, गारव्यासाठी वर्षानुवर्षं माती चढवत नेलेलं. आत्या दुपारी सापडली. आवाजाचं विचारलंत, तर तिथल्या एका म्हाताऱ्याने "तोफ उडाल्यावानी" एवढंच सांगितलं. किल्लारीच्या बाजूला वर्षभर आधीपासून धक्के बसत होते. त्याचा राग मला आजही येतो.

मुंबई, २६ जानेवारी २००१
अकराव्या मजल्यावर होतो. काचेच्या हंडीतलं पाणी एका काठावर चढलं, मग दुसऱ्या, पुन्हा पहिल्या. आवाज काहीच नाही. भूजमध्ये काय झालंय ते नंतर कळलं.

सेंदाई, ११ मार्च २०११
प्रयोगशाळेत सगळ्यांचे मोबाईल एकदम कर्कश वाजले. जपानी सहकारी बोलता बोलता टेबलाखाली गेले, मी खुर्चीतच. दहा-पंधरा सेकंद मिळाली असतील. मग हलणं थांबेचना. कमी झालं म्हणून डोकं बाहेर काढलं, तर पुन्हा वाढलं. समुद्र आमच्यापासून लांब होता. लाटेचं रात्री रेडिओवर ऐकलं.

धागाकर्ता
कोयनेच्या ताई, तुमचं जातं आणि सेंदाईचे मोबाईल, दोन्हींमागे प्राथमिक लहरीच आहेत. त्या खडकातून सेकंदाला साधारण ६ किमी वेगाने येतात आणि त्यांचाच थोडा भाग हवेत आवाज होऊन उतरतो. भिंती पाडणाऱ्या दुय्यम लहरी मागून, साडेतीन किमीच्या आसपास वेगाने. जपानी यंत्रणा पहिल्या लहरी टिपून दुसऱ्यांची वर्दी देते. केंद्र जितकं दूर, तितकी सवड जास्त. कोयनानगरात ती जवळपास नव्हतीच, तुमच्या आईने जे केलं ते त्या एवढ्याशा सवडीत केलं. मुंबईच्या हंडीसारखंच मोठ्या पाण्याचंही होतं: सेंदाईच्या त्याच भूकंपाच्या लहरींनी अर्ध्या तासात नॉर्वेतल्या सोग्नेफ्योर्ड या समुद्राच्या खाडीचं पाणी दीड मीटरपर्यंत वरखाली केलं. त्सुनामी तिथे पोचलेलीच नव्हती.

कोयनानगर, पुन्हा
पाण्यावरून आठवलं. आई शेवटपर्यंत उशाशी तांब्या काठोकाठ भरून ठेवायची. रात्री जाग आली की आधी पाण्याकडे बघायची, मग कूस बदलायची.