आईचा खुबा बदललाय, योगा परत कधीपासून?

जुळेसोलापूरची_लेक
नमस्कार मंडळी, माझी आई 66 वर्षांची, उजव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन 10 आठवडे झालेत. वॉकर सुटला, आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरतीय. आधी रोज पहाटे हुतात्मा बागेत योगाला जायची त्यामुळं आता घरात बसून जीव तळमळतोय तिचा. काल बघते तर पलंगावर हळूच मांडी घालायला लागली होती, पोटात गोळाच आला माझ्या! डिस्चार्जच्या कागदावर नुसतं खाली बसू नये एवढंच लिहिलंय. कुणाला अनुभव आहे का?

फिजिओताई
मी फिजिओ आहे. आधी सर्जनला विचारा, खुबा मागून उघडला का पुढून. मागून असेल तर सुरुवातीला खुबा 90 अंशाच्या पुढं वाकवायचा नाही, पाय पायावर टाकायचा नाही, आत वळवायचा नाही, म्हणजे पश्चिमोत्तानासन, गोमुखासन, गरुडासन सगळं बंद. पुढून असेल तर पाय मागं नेणं आणि बाहेर वळवणं जपायचं, तिथं सेतुबंधासन, वीरभद्रासनातला मागचा पाय त्रास देतो. म्हणून शेजारणीला चाललं ते आईंना चालेलच असं नाही. सांध्याभोवतीचं आवरण आणि स्नायू भरून येईपर्यंत खुबा निखळायची भीती जास्त असते. मांडी, वज्रासन मनानं अजिबात सुरू करू नका.

अप्पांचा_मुलगा
ताई अगदी बरोबर बोलल्या. आमच्या अप्पांचा आसनं करताना नाही, सोफ्यावर बसून खाली पडलेली चप्पल उचलताना निखळला, दुसऱ्या महिन्यातच, परत भूल देऊन बसवावा लागला, ती रात्र आठवली की अजून अंगावर काटा येतो. आता खुर्चीवर सोलापुरी चादरीची जाड घडी टाकतो म्हणजे गुडघे खुब्याच्या खालीच राहतात, त्यावर बसून अनुलोम-विलोम आणि भ्रामरी. ताडासन ओट्याला धरून, टाचा न उचलता. शवासन पलंगावरच, दोन्ही पायांच्या मधे उशी. आणि कमोडची सीट उंच करून घ्या, तिथंच माणूस नकळत जास्त वाकतो.

जुळेसोलापूरची_लेक
विचारलं आज, मागूनच उघडलाय. पुढच्या तपासणीत एक्स-रे बघून सांगतो म्हणाले, तोवर खुर्चीवरचा प्राणायाम चालेल. आई जरा रुसलीय, पण बागेतल्या मैत्रिणी संध्याकाळी घरी येऊन तिच्याबरोबर खुर्च्या टाकून बसणार आहेत. कमोडची सीट उद्याच आणते, ते डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार दादा.