उत्तर: राग आला की आवाज वर जातोच का?

अनेकदा म्हटलं जातं की राग आला की कुठल्याही भाषेत माणसाचा स्वर, म्हणजे आवाजाची पट्टी, वरच जातो. एस्टोनियनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एस्टोनिया देशाच्या भाषेत, मोजलेलं चित्र थोडं निराळं आहे. तिथल्या एस्टोनियन भाषा संस्थेने भावनिक बोलण्याचा संग्रह केलाय, आनंद, राग, दुःख आणि तटस्थ अशा वाक्यांचा. वाक्यं अभिनय न करता, नुसती वाचून घेतलेली. त्यात आनंदाचा स्वर सर्वांत उंच आणि रागाचा सर्वांत खाली निघाला! अर्थात हा वाचलेला, आतल्या आत धुमसणारा राग. भर बाजारातल्या भांडणात फुफ्फुसांतून हवेचा दाब वाढतो, स्वरतंतू ताणले जातात आणि मग स्वर चढतो. दोन्हींना एकाच नावाने मोजलं की गोंधळ होणारच.

मला जास्त रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत. या भाषेत ऱ्हस्व, दीर्घ आणि अतिदीर्घ अशा तीन मात्रा आहेत. 'कोऽली' दीर्घ उच्चारलं तर 'शाळेचा', अतिदीर्घ उच्चारलं तर 'शाळेत (जाणे)'. लिहिताना दोन्ही सारखंच. भाषाशास्त्रज्ञ इल्से लेहिस्टे यांनी १९६० मध्येच दाखवलं होतं की फरक नुसत्या लांबीचा नाही, अतिदीर्घात आवाजाची पट्टी पहिल्याच अक्षरात लवकर खाली येते. म्हणजे पट्टीच्या उतारावर व्याकरणाचंही ओझं आहे. तेव्हा भावना मोजताना अख्ख्या वाक्याची पट्टी बघा, एकेका शब्दातला उतार नको. आणि बाई-पुरुषांच्या पट्टीची तुलना हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती कंपनं) कृपया करू नका, संगीतातल्या अर्धस्वरांत (सप्तकाच्या बारा समान पायऱ्यांत) करा.