मदत हवी आहे : उसाच्या चिपाडांपासून फरफ्युरल करताना उत्प्रेरक मंदावतो

नमस्कार. मी मुंबईत रसायनशास्त्रात पीएचडी करत असून दादरच्या एका रसवंतीवरून आणलेल्या उसाच्या चिपाडांपासून फरफ्युरल मिळवण्याचा प्रयत्न करत आहे. चिपाडांतील हेमिसेल्युलोज या बहुशर्करेपासून झायलोज ही साखर सुटते आणि त्याच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून गेले की फरफ्युरल तयार होते, ज्यापासून पुढे इंधने, द्रावके आणि रेझिने बनवता येतात. चिपाडांचा गरम पाण्यात काढलेला अर्क गाळून मी तो बीटा झिओलाइट या सच्छिद्र, आम्लधर्मी घन उत्प्रेरकावर 170 अंश सेल्सिअसला तापवतो. तयार झालेले फरफ्युरल लगेच बाजूला निघावे म्हणून वर टोल्युइनचा थर ठेवतो.

शुद्ध झायलोजवर सर्व सुरळीत चालते. अर्क घातला की मात्र तिसऱ्या फेरीपर्यंत उत्पादन निम्म्यावर येते आणि रिॲक्टरच्या तळाशी डांबरासारखा काळा थर बसतो, जो ॲसिटोननेही सुटत नाही. हे ह्युमिन (साखर आणि फरफ्युरल एकमेकांना जोडले जाऊन बनणारा न विरघळणारा काळपट पदार्थ) असावे असे समजून मी उत्प्रेरक 550 अंशांवर हवेत भाजला. तो पुन्हा पांढराशुभ्र झाला, पण क्रियाशीलता पूर्णपणे परतली नाही. माझा संशय अर्कातील पोटॅशियम आणि कॅल्शियमवर आहे, कारण त्यांचे आयन झिओलाइटच्या आम्लस्थानांवरील (जिथे अभिक्रिया घडते त्या जागांवरील) प्रोटॉनची जागा घेतात आणि भाजल्याने जात नाहीत.

अशा वेळी अमोनियम नायट्रेटच्या द्रावणात आयन-विनिमय करून पुन्हा भाजणे पुरेसे ठरते का? की गरम पाण्यात झिओलाइटमधील ॲल्युमिनियमच निसटत असेल, आणि तसे असल्यास ते कोणत्या चाचणीने ओळखावे? पावसाळ्यात चिपाडे दोन दिवसांत आंबतात, त्यामुळे सध्याचा वाळलेला साठा जपून वापरावा लागत आहे. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.