पाडलेल्या वीजकेंद्राच्या उरलेल्या इमारती: आत जावं की नाही?

रिलेरूम
औष्णिक वीजकेंद्र पाडताना बॉयलर, टर्बाइन हॉल, चिमणी आणि कूलिंग टॉवर यांच्यावर सगळा जोर असतो. भंगाराचा पैसा आणि मोकळी जमीन तिथेच मिळते. मागे राहते फुटकळ मंडळी: कंट्रोल रूमची इमारत, पंप हाउस, जलशुद्धीकरण, कोळशाचे बोगदे. माझं मत, परवानगी काढून आत जावं आणि या इमारतीही पाडल्या जायच्या आत त्यांची नोंद करावी. कंट्रोल रूमपासून सुरुवात करा. पॅनेल डावीकडून उजवीकडे टिपा, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग यायला हवा, म्हणजे नंतर जुळवता येतात. रिलेच्या (बिघाड ओळखून वीज तोडणाऱ्या उपकरणांच्या) नेमप्लेट वेगळ्या, जवळून. समोरून फ्लॅश मारला की काच चमकते आणि अक्षरं जातात. ट्रायपॉड लावा, उजेड बाजूने द्या. अलार्मच्या खिडक्या (बिघाड झाला की उजळणाऱ्या, नाव लिहिलेल्या चौकटी) अजिबात सोडू नका. त्या केंद्राला कशाकशाची धास्ती होती ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं.

शिफ्ट_सी
असहमत. नुसतं बंद पडलेलं केंद्र परवडलं, अर्धवट पाडलेलं नको. इमारती एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात. कन्व्हेयर गॅलरीचं (कोळसा वर नेणाऱ्या पट्ट्याच्या तिरप्या मार्गाचं) वरचं टोक बंकरच्या, म्हणजे कोळसा साठवायच्या कोठाराच्या, सांगाड्यावर टेकलेलं असतं. बंकर गेला की ते कशावर टेकलंय हे खालून दिसतही नाही. हॉलला चिकटून बांधलेल्या इमारतीचा वाऱ्याचा जोर कित्येकदा हॉलचाच सांगाडा घेतो. इंग्लंडमध्ये डिडकॉट ए केंद्राच्या बॉयलर हाउसचा भाग 23 फेब्रुवारी 2016 रोजी पाडकामाच्या तयारीतच कोसळला आणि चार कामगार गेले. हेच काम करणारी माणसं होती ती. फोटोसाठी आलेल्यांना काय कळणार?

रिलेरूम
डिडकॉटला स्फोटाने पाडण्यासाठी सांगाडा आधीच कमकुवत करणं चालू होतं. तशा इमारतीत जा असं कोण म्हणतंय? पाडकामाचा क्रम आणि काय काय कापलंय त्याचा नकाशा ठेकेदाराकडून लेखी मागा. देत नसेल तर बाहेरूनच परत फिरा.

चेकर_प्लेट
छतं कोसळायची तेव्हा कोसळतील, माणूस पडतो तो जमिनीतून. लोखंडी जाळ्या काढून नेलेल्या असतात आणि भोकावर प्लायवुड टाकलेलं असतं. चेकर प्लेट (फरशीचा खवलेदार लोखंडी पत्रा) खालून गंजते, वरून धडधाकट दिसते. गर्डरच्या रेषेवरूनच चाला, दोन गर्डरांच्या मधून नाही. राखेच्या पंप हाउसमधला संप (पाणी साठायचा खड्डा) तर फसवाच: पाण्यावर राखेची साय धरते आणि वर धूळ बसली की ती काँक्रीटची फरशी वाटते. काठीने ठोकल्याशिवाय पाऊल टाकू नका.

दुसरं म्हणजे हवा. कोळशाच्या बोगद्यात उरलेला चुरा ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. बंद लोखंडी टाकीत नुसता गंजही ऑक्सिजन संपवतो. चार वायूंचा मीटर (ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेटणारे वायू मोजणारा) हवाच. साध्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला की मागे फिरायचं. मीटर आधी दोरीने खाली सोडा, वर-मध्ये-तळाशी वाचन घ्या, मगच माणूस. वास येत नाही म्हणजे हवा चांगली, हा समज घातक आहे. हायड्रोजन सल्फाइड जास्त असेल तर नाकच बधिर होतं.

शिफ्ट_सी
यात अ‍ॅस्बेस्टॉस राहिलं. पाइपांवरचं लेपण, गॅस्केट, पत्रे, जुन्या ब्रेकरचे आर्क शूट (ठिणगी विझवणारे कप्पे), सगळीकडे. कापडी मास्क निरुपयोगी. पी3 दर्जाचा (बारीक धूळ अडवणारा सर्वात वरच्या दर्जाचा) फिल्टर हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा, म्हणजे दाढीवाले बाद. बंकरवर किंवा राखेच्या हॉपरवर (साठवायच्या नरसाळ्यावर) पातळी मोजणारं गोल जाड डबडं आणि पिवळी तीन पात्यांची खूण दिसली तर आत सीझियम-137 हा किरणोत्सारी पदार्थ असू शकतो. हात लावायचा नाही, दूर व्हायचं आणि कळवायचं. जलशुद्धीकरणात आम्ल आणि कॉस्टिकच्या टाक्या ‘रिकाम्या’ म्हणून सोडलेल्या असतात. तळाचा गाळ कोणी तपासलेला नसतो.

तीन_पाय
+1 शिफ्ट_सी. लेझर स्कॅन आणि ड्रोनने निम्मं काम बाहेरून होतं.

रिलेरूम
बाहेरचं निम्मं. पॅनेलच्या मागची वायरिंग ड्रोन टिपणार कशी? लंडनचं बँकसाइड केंद्र 1981 मध्ये बंद पडलं आणि 2000 मध्ये टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय होऊन उघडलं, लंडनच्याच बॅटरसी वीजकेंद्रातल्या कंट्रोल रूमही टिकल्या. बहुतेक केंद्रांच्या नशिबी हे नसतं. तिथे नोंद हीच काय ती शिल्लक.

शिफ्ट_सी
बँकसाइड टिकलं ते दुरुस्तीवर पैसा ओतला म्हणून. बरं, कंट्रोल रूमचं मान्य, पण तिच्याखालच्या केबल सेलरचं (केबल जातात त्या तळघराचं) काय? स्विचयार्ड (केंद्राला वीजजाळ्याशी जोडणारं उघडं आवार) बहुधा ग्रिडसाठी चालूच राहतो. जमीन एकाची, स्विचयार्ड दुसऱ्याचा, आणि यार्डातून आलेल्या केबल पाडकामाच्या यादीत नसतात. पॅनेलवरचे दिवे विझलेले असले तरी 220 व्होल्ट डीसी कुठेतरी जिवंत असू शकतं.

रिलेरूम
म्हणून परवानगी दोघांची घ्यायची. यार्डवाल्याकडून कोणत्या केबल तोडल्या, अर्थ केल्या (जमिनीला जोडल्या) आणि कुठे कुलूप लावलं, ते क्रमांकानिशी लेखी. ज्या केबलचा क्रमांक त्या कागदावर नाही ती जिवंत धरायची, आणि अशी केबल सेलरमधून जात असेल तर सेलर सोडून द्यायचा.