शार्क्सवाले, लिहा: कुठल्या ट्रेडने जीव जळला?

बे एरियात येऊन आइस हॉकीच्या नादी लागलेले बरेच मराठी लोक ओळखीचे आहेत, म्हणून हा धागा. सॅन होजे शार्क्सनी जुनी टीम मोडून नवी उभी करायला घेतली, त्यात ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात काही घेणं, बर्न्स २०२२ मध्ये कॅरोलायनाला गेला. २०२३ मध्ये माइअर न्यू जर्सीला आणि कार्लसन पिट्सबर्गला. तुमच्या मनात काय राहिलंय? स्कोअर गूगलवर मिळतात, अनुभव लिहा.

जुना_सनीव्हेलकर
आम्ही आलो तेव्हा टीम डेली सिटीच्या काऊ पॅलेसमध्ये खेळायची. मुळात गुराढोरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेली जागा, आणि खेळही साधारण तसाच! १९९२-९३ ला ८४ पैकी ७१ सामने हरले. पुढच्याच सीझनला सॅन होजेच्या नव्या अरिनात आले आणि प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) डेट्रॉइटला सातव्या सामन्यात घरी पाठवलं. डेट्रॉइटचा गोलकीपर गोल सोडून पुढे आला, त्याने मारलेला पक (रबराची चकती) सरळ जेमी बेकरकडे गेला आणि मागे जाळं रिकामं. आम्ही टीव्हीसमोर इतके ओरडलो की खालच्या मजल्यावरचे विचारायला आले.

चहा_आणि_पक
माझ्यासाठी ट्रेड म्हणजे ३० नोव्हेंबर २००५. बॉस्टनने जो थॉर्नटन दिला आणि बदल्यात स्टर्म, स्टुअर्ट आणि प्रिमो घेतले. ऑफिसात एक पक्का बॉस्टनवाला होता, दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. त्याच सीझनला थॉर्नटनला हार्ट ट्रॉफी (सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळाली आणि त्याच्या पासेसवर चीचूने ५६ गोल ठोकले. पण २००९ ला तोच चीचू हीटलीच्या बदल्यात ओटावाला रवाना! या धंद्यात लाड फार दिवस चालत नाहीत. स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मात्र आला नाही तो नाहीच. २०१६ ला फायनलपर्यंत गेलो, पिट्सबर्गने ४-२ हरवलं.

मिलपिटास_लोकल
पावेल्स्की. २०१९ मध्ये व्हेगसविरुद्ध सातव्या सामन्यात त्याचं डोकं बर्फावर आपटलं, रक्त आलं. त्याबद्दल व्हेगसचा एक खेळाडू पाच मिनिटं बाहेर, त्या पॉवर प्लेमध्ये आपल्या पोरांनी चार गोल केले आणि ओव्हरटाइममध्ये सामना काढला. आणि जुलैत हाच आमचा कॅप्टन, करार संपताच, डॅलसला! यावर जास्त लिहिवत नाही.

स्वस्त_तिकीटवाला
माझं मत उलटं आहे. टीम पडल्यावरच मला अरिनात नियमित जाणं परवडायला लागलं. कॅल्ट्रेनने डिरिडॉनला उतरायचं, समोरच अरिना. नोव्हेंबर २०२३ मध्ये घरच्या बर्फावर व्हँकूव्हरकडून १०-१, लगेच पुढच्या सामन्यात पिट्सबर्गकडून १०-२. त्यात पिट्सबर्गच्या बाकावर कार्लसन बसलेला, ज्याने आदल्या सीझनला आपल्यासाठी १०१ पॉइंट (गोल आणि गोलला मदत करणारे पास मिळून) केले होते. शेजारचे आजोबा शांतपणे पॉपकॉर्न खात म्हणाले, निदान दहाच्या वर नाही गेले.
हे सगळं उगाच नाही हो. सॅलरी कॅपमुळे, म्हणजे टीमच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेमुळे, महागडे करार धरून ठेवले तर नव्यांना पैसा उरत नाही. म्हणून मोठे खेळाडू द्यायचे, प्रसंगी त्यांच्या पगाराचा वाटा आपणच उचलायचा आणि ड्राफ्टचे पिक, म्हणजे नवी तरुण पोरं निवडायच्या संधी, गोळा करायचे. २०२३-२४ ला शेवटचा नंबर आला, ड्राफ्टमध्ये पहिल्या निवडीची लॉटरी लागली आणि मॅकलिन सेलेब्रिनी मिळाला. पहिल्याच सीझनला ७० सामन्यांत ६३ पॉइंट. त्या २०२४-२५ च्या सीझनला टीम तरी पुन्हा तळाशीच होती, पण बघायला मजा यायला लागली.

फ्रीमाँटची_आई
लेकीची हर्टलची ४८ नंबरची जर्सी होती, झोपतानासुद्धा अंगात. ८ मार्च २०२४ ला, ट्रेडची मुदत दुपारी बाराला संपल्यावर बातमी फुटली: हर्टल व्हेगसला. व्हेगसला! करारातल्या कलमामुळे त्याच्या होकाराशिवाय त्याला हलवता येत नव्हतं, म्हणजे तो हो म्हणाला. हे पोरीला शाळेतून घरी येताना गाडीत सांगावं लागलं.
सासूबाई तेव्हा कल्याणहून आल्या होत्या. "रडतेस काय, नाव उसवून देते," म्हणत कात्री घेऊन बसल्या. पहिलं अक्षर निघालं, तर कापडावर टाक्यांची भोकं आणि गडद चट्टा. "आजी, नको ना!" मग त्यांनीच ते अक्षर परत शिवलं, जरा तिरकं. तशीच घालून ती व्हेगसच्या सामन्याला गेली आणि हर्टल बर्फावर आल्यावर टाळ्याही वाजवल्या.
आता सेलेब्रिनीची ७१ नंबरची हवी म्हणून मागे लागलीय. आमच्या ह्यांचं म्हणणं, घे, पण पाठीवर नाव नको.